आय-६०१ए भरण्याआधी

ताई, घाईने भारताचं तिकीट काढू नका. आय-९४ या प्रवेशनोंदीवरची मुक्काम संपण्याची तारीख उलटल्यावर अमेरिकेत १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलात तर ३ वर्षं, १ वर्ष किंवा जास्त झालं असेल तर १० वर्षं परतीची बंदी लागते. ती माफ करून घेण्याचा आय-६०१ए अर्ज इथे असतानाच करायचा आणि मंजुरी हातात आल्यावरच इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत जायचं.

सगळा कस लागतो तो, तुम्हाला परत येऊ दिलं नाही तर होणारे हाल सिद्ध करण्यात. आणि हाल तुमचे नव्हेत, ग्रीन कार्ड असलेल्या तुमच्या नवऱ्याचे. मुलं अमेरिकन नागरिक असली तरी त्यांचे हाल थेट धरत नाहीत. पण त्यांना एकट्याने सांभाळताना नवऱ्याची होणारी ओढाताण जरूर लिहा. आम्ही पहिल्या मसुद्यात नुसता विरह लिहिला होता. तेवढ्याने भागत नाही. डॉक्टरांचं पत्र, औषधांची बिलं, घराचे हप्ते जोडा. नवरा इथे एकटा राहिला तर काय आणि तुमच्याबरोबर भारतात आला तर काय, दोन्ही मांडा. मराठी कागदांसोबत इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र हवंच.

पूर्वी कुठल्या अर्जात खोटी माहिती गेली असेल तर वकिलापासून लपवू नका. हा अर्ज फक्त बेकायदा वास्तव्य माफ करतो. मुलाखतीत अपात्रतेचं दुसरं कारण निघालं, तर मंजुरी आपोआप रद्द होते.