ब्रिटनमध्ये गाडी बाळगताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नोकरी किंवा शिक्षणासाठी ब्रिटनला गेलेल्या वाचकांची आणि त्यांच्या घरच्यांची बरीच पत्रे या सदराकडे आली असून, त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जवळजवळ प्रत्येकाने गाडीची किंमत आधी ठरवली आहे आणि विम्याची चौकशी अगदी शेवटी केली आहे. मध्य इंग्लंडमध्ये अनेक वर्षे राहिल्यावर मी एवढे निश्चित सांगू शकतो की हा क्रम उलटा असायला हवा.

प्रश्न : मी आणि माझी पत्नी लेस्टरच्या एका रुग्णालयात नर्सिंगचे काम करतो. सकाळची ड्यूटी सातला सुरू होते आणि त्या वेळेला आमच्या भागातून बस मिळत नाही. साडेचार हजार पौंडांची, नंबरप्लेटवर ‘६६’ असलेली एक पेट्रोल गाडी पाहून ठेवली आहे. वर्षाला सहा हजार मैल होतील, असा अंदाज आहे. विम्याचा सर्वांत कमी आकडा १,३८० पौंड आला. विक्रेत्याच्या मते पेट्रोलाखेरीज आणखी फारसा खर्च नाही. दरमहा किती रक्कम बाजूला ठेवावी?

उत्तर : विक्रेत्याच्या म्हणण्यावर विसंबू नका, पण तुमची निवड मात्र चुकलेली नाही. येथील नंबरप्लेटवरचे दोन अंक गाडीची नोंदणी केव्हा झाली ते सांगतात, आणि ‘६६’ म्हणजे सप्टेंबर २०१६ ते फेब्रुवारी २०१७. हे तुमच्या फायद्याचे आहे, कारण १ एप्रिल २०१७ पासून नोंदणी झालेल्या गाड्यांना रोड टॅक्सचा सरसकट दर लागतो आणि २०२५-२६ या वर्षासाठी तो १९५ पौंड आहे, तर त्याआधीच्या, मार्च २००१ नंतरच्या गाड्यांचा टॅक्स धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर ठरतो. तुमची गाडी किलोमीटरला १११ ते १२० ग्रॅमच्या गटात असेल, तर त्याच वर्षाचा टॅक्स ३५ पौंड होतो आणि ११० ग्रॅमपर्यंत असेल तर २०. अवघ्या काही महिन्यांनी नवी असलेली, तेच इंजिन असलेली गाडी दरवर्षी दीडशेहून अधिक पौंड जास्त मागते. हा टॅक्स गाडीबरोबर नव्या मालकाकडे जात नाही, म्हणून आधीच्या मालकाने वर्षाचा भरलेला असला तरी गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी तुम्हाला तो आपल्या नावाने भरावा लागेल.

पेट्रोलाच्या हिशेबात नवा माणूस हमखास गोंधळतो. पंपावर पेट्रोल लिटरने मिळते, अंतर मैलांत मोजतात आणि गाडीचा अ‍ॅव्हरेज मात्र गॅलनला किती मैल असा सांगतात. येथील गॅलन ४.५४६ लिटरचा असल्यामुळे गॅलनला ४० मैल म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साधारण १४ किलोमीटर. तुमच्या सहा हजार मैलांना १५० गॅलन, म्हणजे सुमारे ६८२ लिटर पेट्रोल लागेल, आणि लिटरला १ पौंड ४० पेन्स धरले तर ही रक्कम ९५५ पौंडांच्या घरात जाते.

गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची एमओटी ही तपासणी करून घ्यावी लागते. आपल्याकडच्या पासिंगसारखी ही तपासणी मान्यताप्राप्त गॅरेजमध्ये होते आणि तिचे कमाल शुल्क ५४ पौंड ८५ पेन्स आहे. शुल्क किरकोळ आहे, पण तपासणीत निघालेली दुरुस्ती किरकोळ असेलच असे नाही. मी पहिली गाडी घेतली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि बाहेरून नव्यासारखी दिसत होती. तपासणीच्या दिवशी मेकॅनिकने ती वर उचलली, मला खाली बोलावले आणि ब्रेकच्या नळीवर स्क्रूड्रायव्हरचे टोक हलकेच फिरवले, तशी तपकिरी गंजाची पापडी सुटून फरशीवर पडली. हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून येथील रस्त्यांवर मीठ पसरतात आणि मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत पत्र्याचे जे होते तेच येथे गाडीच्या पोटाशी होते. त्या नळीची किंमत थोडीच होती, पण ती बदलण्याच्या मजुरीत माझा तो महिना गेला. भारतात सुट्या भागाला पैसे पडतात आणि हात स्वस्त असतात, येथे नेमके उलट आहे. या नळीचा इशारा आदल्या वर्षीच्या तपासणीच्या कागदावर स्पष्ट लिहिलेला होता, आणि तो मी वाचला नव्हता. गाडीचा नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर तिच्या जुन्या तपासण्या, त्या त्या वेळचे मैल आणि असे इशारे फुकट पाहता येतात. तुम्ही ते आजच पाहा, आणि ‘गंज’ हा शब्द एकापेक्षा अधिक वर्षी दिसला तर ती गाडी सोडून द्या.

दुरुस्ती, सर्व्हिसिंग आणि टायर यांसाठी वर्षाला पाचशे पौंड राखून ठेवावेत, असे माझे मत आहे. मग विम्याचे १,३८०, पेट्रोलाचे ९५५, टॅक्सचे ३५, तपासणीचे ५५ आणि हे ५०० मिळून २,९२५ पौंड होतात, म्हणजे महिन्याला जवळजवळ २४४. रुग्णालयात पार्किंगचा परवाना लागत असेल तर त्याचे पैसे वेगळे. कर्मचाऱ्यांना तो लगेच मिळतो की प्रतीक्षायादी आहे, ही चौकशी गाडी घेण्यापूर्वी करा. परवाना हाती नसताना पहाटे गाडी घेऊन पोहोचायचे आणि ती लावायची कोठे, हे माहीत नसायचे, अशी वेळ तुमच्यावर येऊ नये.

प्रश्न : माझा २३ वर्षांचा मुलगा शिक्षण संपवून बर्मिंगहॅममध्ये नोकरीला लागला आहे. तो म्हणतो की गाडी दोन हजार पौंडांची आणि तिचा वर्षाचा विमा त्याहून जास्त. हे खरे असू शकते का? तेथे राहणारे त्याच्या आईचे मामेभाऊ म्हणतात की विमा त्यांच्या नावाने काढू, तो निम्म्यात होईल. (सातारा)

उत्तर : आपला मुलगा खरेच सांगत आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण येथील तरुण चालकांच्या विम्याला तंतोतंत लागू पडते. येथे विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीपेक्षा चालवणाऱ्याकडे पाहून ठरतो. त्याचे वय, त्याच्याकडचे लायसन्स कोणत्या देशाचे आहे आणि किती जुने आहे, तो काम काय करतो, गाडी रात्री कोणत्या पिनकोडात उभी राहते, हे सारे त्यात धरले जाते, कारण अपघातात दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकते. भारतात दहा वर्षे विनादावा विमा भरला असला तरी बहुतेक कंपन्या तो नो क्लेम बोनस धरत नाहीत. तरीही भारतातील विमा कंपनीकडून तसे इंग्रजी पत्र घेऊन ठेवावे, कारण ते मानणाऱ्या कंपन्या अगदीच नाहीत असे नाही.

मामांचा प्रस्ताव मात्र कृपा करून स्वीकारू नका. त्यांचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही आणि परक्या देशात पाठीशी उभे राहणारे नातेवाईक असणे ही मोठीच गोष्ट आहे. पण गाडी रोज मुलगा चालवणार असताना मुख्य चालक म्हणून मामांचे नाव लावणे ही येथील कायद्याने फसवणूक ठरते. अपघात झाला की कंपनी पहिला प्रश्न विचारते तो गाडी प्रत्यक्षात कोण वापरतो हाच. विमा रद्द ठरला तर विनाविमा गाडी चालवल्याबद्दल मुलाच्या लायसन्सवर सहा ते आठ दंडगुण चढू शकतात, गाडी जप्त होऊ शकते आणि ‘तुमचा विमा कधी रद्द झाला आहे का’ या प्रश्नाला पुढे प्रत्येक अर्जावर त्याला होय लिहावे लागते. ब्रिटिश लायसन्स मिळाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत सहा दंडगुण झाले, तर लायसन्स जाते आणि सगळ्या परीक्षा नव्याने द्याव्या लागतात.

हप्ता सरळ मार्गानेही खाली येतो. गाड्यांचे विम्यासाठी १ ते ५० असे गट आहेत. मुलाने पहिल्या दहा गटांतील लहान इंजिनाची गाडी पाहावी आणि गाडीला हात लावण्याआधी तिच्या नंबरावरून विम्याचा भाव काढावा. विमा सुरू व्हायच्या तीनेक आठवडे आधी घेतलेला भाव आयत्या वेळच्या भावापेक्षा साधारणपणे कमी असतो. चालवण्याची पद्धत नोंदवणारे यंत्र गाडीत बसवू दिले तर तरुणांना बऱ्याचदा सवलत मिळते. मामा अधूनमधून खरोखरच ती गाडी चालवणार असतील, तर त्यांचे नाव दुसरा चालक म्हणून लावण्यात काहीही गैर नाही आणि त्यानेही आकडा उतरू शकतो. मासिक हप्त्यांवर बहुधा व्याज लागते, म्हणून घरातून मदत करायचीच असेल तर गाडीची किंमत देण्यापेक्षा पहिल्या वर्षाचा विमा एकरकमी भरायला द्या, असे मी सुचवीन.

प्रश्न : मी कॉव्हेंट्रीत शिकतो. माझ्याकडे पुण्याच्या आरटीओचे लायसन्स आहे. मित्र म्हणतात की वर्षातून एकदा भारतात जाऊन आले की त्यावर पुन्हा वर्षभर गाडी चालवता येते. हे खरे का? गाडी घेऊन संध्याकाळी जेवणाचे डबे पोहोचवण्याचे काम करावे, असाही विचार आहे.

उत्तर : हे खरे नाही. भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये बारा महिने गाडी चालवता येते आणि ते तुम्ही येथे राहायला लागल्यापासून मोजले जातात. सुट्टीत घरी जाऊन आल्याने ते नव्याने सुरू होत नाहीत. काही देशांची लायसन्स परीक्षेविना बदलून मिळतात, भारत त्या यादीत नाही. म्हणून ३४ पौंड भरून शिकाऊ लायसन्सचा ऑनलाइन अर्ज आताच करा. त्यानंतर २३ पौंडांची लेखी परीक्षा असते. तीत ५० पैकी ४३ उत्तरे बरोबर यावी लागतात आणि पडद्यावर दिसणारे धोके वेळेवर ओळखण्याचा भाग वेगळा असतो. मग प्रत्यक्ष चालवण्याची परीक्षा, सोमवार ते शुक्रवार दिवसा दिली तर ६२ पौंड. तिच्या तारखेसाठी अनेक केंद्रांवर महिनोन्‌महिने थांबावे लागत असल्याने दहाव्या महिन्यात जाग आलेल्यांची गाडी पुढे दारात नुसती उभी राहते आणि विमा, टॅक्स चालूच राहतात. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिलीत, तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचेच मिळते.

आपल्याला गाडी येते, मग शिकवणी कशाला, असे वाटेल. रस्त्याची डावी बाजूही तीच आहे. तरीही पाच-सहा तास शिकवणी घ्याच. ताशी ३५ ते ४० पौंड ऐकून जीव दचकतो हे मी समजू शकतो, पण गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट देणे, वळण्यापूर्वी आरसा पाहणे आणि मान वळवून खांद्यावरून मागे नजर टाकणे या गोष्टी आपल्या हाडात भिनलेल्या नसतात आणि आपली माणसे नापास होतात ती बहुतेक याच ठिकाणी.

डबे पोहोचवण्याच्या कामाबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. नेहमीच्या विम्यात मोबदला घेऊन माल पोहोचवणे येत नाही, त्यासाठी वेगळा आणि महाग विमा लागतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अ‍ॅपवरचे हे काम सर्वसाधारणपणे स्वयंरोजगारात मोडते आणि विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगी नाही. या कामासाठी गाडी घेऊ नका.

प्रश्न : आम्ही लेस्टरहून लंडनला हाउन्स्लो भागात राहायला जात आहोत. आमची डिझेल गाडी २०१३ सालची आहे. ती न्यावी का?

उत्तर : नेऊ नये. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सर्व बरोंमध्ये, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या विभागांमध्ये, कमी प्रदूषणाचा नियम लागू आहे. डिझेल गाडी युरो ६ या प्रदूषण-मानकाच्या दर्जाची, म्हणजे साधारणतः सप्टेंबर २०१५ नंतरची, नसेल तर ती जेव्हा रस्त्यावर येईल त्या प्रत्येक दिवसाचे १२ पौंड ५० पेन्स द्यावे लागतात. पेट्रोल गाडीला युरो ४ पुरतो आणि २००६ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्या त्यात बसतात. असेच शुल्क बर्मिंगहॅम आणि ब्रिस्टलच्या मध्यभागातही आहे. या पैशांसाठी कोणी अडवत नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि वेळेत भरले नाही तर दंडाचे पत्र घरी येते. हीथ्रोच्या टर्मिनलसमोर आई-वडिलांना उतरवण्याचे शुल्कही याच पद्धतीचे आहे आणि ते दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत भरावे लागते. निरोपाच्या गडबडीत ते विसरते, म्हणून मोबाइलवर आठवण लावून ठेवा.

प्रश्न : घरच्या लग्नासाठी डिसेंबरात सात आठवडे कोल्हापूरला जाणार आहोत. तेवढ्या काळाचा टॅक्स वाचवता येईल का?

उत्तर : गाडी तुमच्या घराच्या आवारात उभी राहणार असेल तर येईल. ‘गाडी रस्त्यावर नाही’ अशी नोंद ऑनलाइन केली की उरलेल्या पूर्ण महिन्यांचा टॅक्स परत मिळतो. नोंद महिनाअखेरीच्या आत करा, कारण नवा महिना लागला की तो हिशेबातून जातो. गाडी सार्वजनिक रस्त्याच्या कडेला राहत असेल तर ही सोय नाही, टॅक्स आणि विमा दोन्ही चालू असलेच पाहिजेत. आवारात असली तरी विमा मोडू नका, चोरी आणि आगीचे भय तेथेही असते. एवढ्या थंडीत उभ्या गाडीची बॅटरी उतरते, त्यामुळे जाण्यापूर्वी तिची तार सोडवून ठेवा. परतल्यावर टॅक्स भरल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढता येत नाही आणि तो भरताना लॉगबुकवरचा, म्हणजे आपल्याकडच्या आरसी बुकसारख्या नोंदणीच्या कागदावरचा, ११ अंकी क्रमांक विचारतात, तेव्हा लॉगबुकचा एक फोटो फोनमध्ये असू द्या.