वाचक विचारतात: कुत्रा, दुर्बीण आणि टेकडी

प्रश्न : पहाटे वेताळ टेकडीवर जाते, सोबत बीगल असतो. दुर्बीण डोळ्याला लावली की नेमका तेव्हाच हिसका देतो. शिवाय पक्षीही लवकर उडतात. — एक वाचक, पुणे

उत्तर : हिसक्याचा बंदोबस्त सोपा आहे. पट्टा कमरेला बांधू नका; कंबर हलली की दुर्बिणीतलं चित्रही हलतं. साधा दोन मीटरचा पट्टा घ्या, आपोआप लांबणारा नको. थांबलात की पट्टा बुटाखाली दाबून धरा, कुत्र्याला बसता येईल एवढी ढील ठेवून. बीगल वासामागे धावणारा, म्हणून गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घाला. दुर्बीण 8×42 (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 42 मिमीचं) किंवा हलकी 8×32 पुरे. 10×मध्ये हाताचा कंप जास्त जाणवतो, आणि इथे तर एक हात बहुधा पट्ट्यात अडकलेला असतो.

‘बस, थांब’ आधी घरीच पक्कं करा. रोज पाच मिनिटं, सुरुवात दहा सेकंदांपासून. दोन मिनिटं शांत बसू लागला की टेकडीवर न्या. खाऊ तुम्ही पक्षी बघत असताना द्या, दुर्बीण खाली घेतल्यावर नको. नाहीतर दुर्बीण खाली येण्याचीच वाट बघत तो चुळबुळ करतो.

पक्षी मात्र उडणारच. सिडनीजवळच्या जंगलवाटांवर झालेल्या, 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पट्ट्यावरच्या कुत्र्यांमुळेही पक्ष्यांच्या जाती 35 टक्के आणि संख्या 41 टक्के कमी आढळली. नुसती माणसं चालली तेव्हाची घट सहसा याच्या निम्म्याहून कमी होती. त्यामुळे जमिनीवरच्या पक्ष्यांचा नाद या फेरीत सोडा. एका झाडापाशी दहा-पंधरा मिनिटं बसा. बुलबुल, शिंजीर, कोतवाल परत येतात. तित्तर बघायचा असेल त्या दिवशी कुत्रा घरी.

प्रश्न : सकाळी माळावर कुणी नसतं. पट्टा सोडला तर काय बिघडतं? — एक वाचक, सातारा

उत्तर : माणूस नसला तरी अंडी असतात. टिटवी साधारण मार्च ते ऑगस्ट उघड्या जमिनीवर चार अंडी घालते, खड्यांत मिसळून जाणारी. चंडोल आणि रातवाही जमिनीवरच. कुत्र्याने अंडी खाल्ली नाहीत तरी पक्षी उठून गेला की उन्हात ती तापतात. एरवी टिटवी पोटाची पिसं भिजवून आणून ती थंड ठेवते. डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की आलात त्याच वाटेने मागे फिरा. ओरडा कुठून येतोय ते शोधत पुढे जाणं हीच नेहमीची चूक. आणि दगडांच्या कपारीत नाक खुपसणाऱ्या मोकळ्या कुत्र्याला फुरसं चावण्याचाही धोका असतो.

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात मात्र पट्टा लावूनही कुत्रा नेऊ नये.

प्रश्न : पावसाळ्यानंतर फिरून आला की कुत्रा पंजे चाटत बसतो. — एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा कुसळं. दिवाळीच्या सुमारास गवत वाळलं की ती बोटांच्या बेचक्यात, काखेत, कानात शिरतात आणि टोक पुढे असल्याने आतच सरकत जातात. घरी आल्यावर उलट्या दिशेने केस विंचरा, बोटं फाकवून बघा. डोकं एका बाजूला झुकवून सारखा झटकत असेल तर कानात काडी न घालता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, काडीचा चटका नको.