सत्कार घे, आणि त्याच सभेत माग

प्रिय पोरी,

तुझा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "बाई, पोलीस भरतीच्या यादीत नाव आलं" एवढंच म्हणालीस आणि पुढे दोघींनाही बोलता येईना. आता स्टँडवर तुझा फ्लेक्स लागलाय, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत शाल-श्रीफळ ठरलंय. "सत्काराला उभी राहून बोलू काय?" असं तू विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

सत्कार घे, लाजू नकोस. गावाला झालेला आनंद खरा आहे. फक्त जिद्द आणि चिकाटीवर भाषण करू नकोस. समोर बसलेल्या पोरींकडे जिद्द आहे. नाही ते दुसरंच काही.

तू ८०० मीटरचा सराव कुठे केलास, आठव. डांबरी रस्त्यावर, पहाटे साडेचारला, हंगामात उसाच्या ट्रॉल्या अंगावरून जाताना. मागे तुझी आई शेजारच्या काकूंची स्कूटी घेऊन, हेडलाइटचा उजेड तुझ्या पायांपुढे पडेल अशी हळूहळू चालवत. काकूंनी कधी पेट्रोलचे पैसे मागितले नाहीत. पण चार किलोचा गोळा काही मिळाला नाही. कितीतरी महिने तू जुन्या लुगड्यात गुंडाळलेला दगड फेकत होतीस. पहिल्या भरतीत खरा गोळा हातात आला तो थेट मैदानावर, गार आणि गुळगुळीत. तो सटकला, आणि दोन गुणांनी तू राहिलीस. त्यानंतर वर्षभर आपल्या गावातलं कुणी तुमच्या घराची पायरी चढलं नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं गं. यादीत नाव न आलेल्या पोरीशी काय बोलावं, हेच आपल्या माणसांना कळत नाही.

खाशाबा जाधवांचं नाव निघाल्याशिवाय आपल्या कराड भागात एकही सत्कार पार पडत नाही. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांच्या गोळेश्वर गावापर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती सगळ्यांना पाठ आहे. मला त्याच्या आधीचं मोठं वाटतं. १९४८ ला ते लंडनला जाऊन आले होते, तिथे सहावे आले होते. पदक नव्हतं. तरी चार वर्षांनी पुन्हा जायची वेळ आली तेव्हा लोकांनी वर्गणी दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. सहाव्या आलेल्या पोरासाठी! पदक येईल असं कुणी त्यांना लिहून दिलं नव्हतं. पुढे खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि ते पैसे सरांचं घर सोडवायला दिले. बैलगाड्या जुंपायला एक दिवस लागला असेल. घर गहाण टाकणं त्याच्या कितीतरी आधीचं, कुणी बघत नसतानाचं.

तेव्हा त्या दिवशी माईक हातात आला की माग. तुझा शब्द त्या एका दिवशी जेवढा ऐकला जाईल, तेवढा पुन्हा ऐकला जाणार नाही. शाळेमागचं पटांगण रोलर फिरवून सपाट करून माग, दोन दिवे माग. मुलींचा चार किलोचा आणि मुलांचा सव्वासात किलोचा, असे दोन गोळे माग. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात, हे सरपंचांना ठाऊक आहे. सगळ्यांसमोर विचारलंस तर बरं. अभ्यासिका संध्याकाळी सातला बंद होते आणि पोरं शेतातून यायलाच सात वाजतात, हेही सांग. किल्ली कुणीतरी घ्यायला हवी. मी घेते, माझं नाव सुचव.

एक गोष्ट मनात सलते, ती तुला सांगते. माझ्या वर्गातला एक हुशार मुलगा नॉन-क्रिमिलेयरच्या दाखल्यापायी अर्ज भरायचा राहिला. मुदत संपल्यावर दीड महिन्याने मला कळलं. त्याचं घर माझ्या घरापासून चार उंबरे पलीकडे. मी रोज त्या दारावरून जात होते आणि "अभ्यास कसा चाललाय?" एवढंच विचारत होते. दाखला काढलास का, फी भरलीस का, तालुक्याला जायला पैसे आहेत का, हे विचारायचं सुचलंच नाही. तो आता पुण्याला कुरिअर वाटतो. भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि मला तो घेववत नाही.

म्हणून भरतीची जाहिरात निघाली की पोरांना एवढंच विचारत जा. ट्रेनिंगला गेल्यावर वेळ मिळणार नाही, तरी रविवारी एक फोन होईल. यंदा ज्यांची नावं आली नाहीत त्यांच्यापासून सुरू कर. वरच्या आळीतल्या दोघी आहेत, एक तीन गुणांनी राहिली. चार दिवस ती घराबाहेर आलेली नाही. काल मी गेले होते, दार तिच्या आजीनं उघडलं, ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. तू जा. सत्काराच्या आधी जा. आणि तो लुगड्यात गुंडाळलेला दगड अजून तुमच्या परसात असेल तर तो घेऊन जा.

तुझी,
बाई