एकदाच भेटलेल्या माणसाची आठवण वर्षानुवर्षे का राहते?

प्रवासात थोडा वेळ भेटलेल्या अनोळखी माणसाची आठवण इतक्या वर्षांनंतरही येते, हे स्वाभाविक आहे का आणि अशा माणसाचा शोध घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हे अगदी स्वाभाविक आहे. भेट किती वेळ चालली यापेक्षा त्या वेळी आपण किती अडलेले होतो, यावर ते अवलंबून असते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले, तेव्हा मी आईला घेऊन बेळगावहून कोल्हापूरकडे निघालो होतो. आईला मधुमेह, जवळ इन्सुलिनची बाटली आणि त्या भागात वीज नाही. रस्त्याकडेच्या एका घरातील कन्नडभाषक बाईंनी आम्हाला रात्रीपुरते आत घेतले. त्यांचे मराठी मोडकेतोडके, आमचे कन्नड बाजारहाटापुरते. तरीही बाटली पाहताच त्यांनी ती छोट्या डबीत घातली, डबीभोवती ओले फडके गुंडाळले आणि ती पाण्याच्या मडक्याला टेकवून ठेवली. आईने सुई टोचून घेतली तेव्हा ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी ताटात तयार होती, कारण त्यांच्या सासूबाईंनाही हाच आजार होता आणि सुईनंतर जेवणाला उशीर चालत नाही हे त्या जाणून होत्या. सकाळी आईने पुढे केलेले पैसे त्यांनी घेतले नाहीत.

शेजारीपाजारी किंवा नात्यात देणेघेणे सतत फिटत असते, त्यामुळे एखादा उपकार वेगळा उरत नाही. अनोळखी माणसाचे ऋण मात्र फेडायला वावच नसतो, म्हणून ते मनात राहते आणि पुढे तिसऱ्याच कोणाच्या तरी उपयोगी पडते. पावसात अडकलेल्या वाटसरूला घरात घ्यावे की नाही, यावर आमच्या घरी आता चर्चा होत नाही. सीमाभागात १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून भाषेचा प्रश्न धगधगत आहे आणि मराठीवरचे माझे प्रेम तसूभरही कमी झालेले नाही. पण कन्नड माणसांविषयी कोणी सरसकट वाईट बोलू लागले, तर मला ते ऐकवत नाही, आणि मी तसे स्पष्ट सांगतो.

निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या मानसशास्त्रज्ञांचा शिकागो परिसरातील प्रवाशांवरील अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी सहप्रवाशाशी बोलल्यास प्रवास नकोसा होईल असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास अधिक सुखाचा झाला. अर्थात, हा अनुभव त्या प्रवासापुरता मोजलेला होता, वर्षांनंतरचा नव्हे.

शोधाबद्दल सांगायचे तर, ठिकाण माहीत असेल आणि जाणे शक्य असेल तर अवश्य जावे, फक्त परतफेडीचा आग्रह धरू नये. आम्ही पुढच्या उन्हाळ्यानंतर बेळगावचा कुंदा घेऊन गेलो. तो त्यांनी आनंदाने घेतला.