पकडलेल्या मेसरश्मिट २६२ चं मॉडेल सरसकट चंदेरी रंगवावं का?

तुम्ही विचारलंय की मेसरश्मिट २६२ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन जेट लढाऊ विमानाचं, तामिया या जपानी कंपनीचं १/४८ मापाचं मॉडेल आणलंय, अमेरिकनांच्या हाती लागलेलं बिनरंगाचं विमान करायचंय, तर सगळं चंदेरी मारलं तर चालेल का.

सरसकट चंदेरी मारू नका, एवढं माझं ऐकाच. या विमानाची सगळी गंमत त्या पत्र्यावर फिरलेल्या पुट्टीच्या पट्ट्यांत आहे.

तुमच्या डोळ्यांसमोर जे विमान आहे त्याचा कारखाना क्रमांक १११७११. अमेरिकन फौजा जवळ आल्या तसं जर्मनीतल्या श्वेबिश हालहून नवी कोरी जेट विमानं हलवायची घाई सुरू झाली होती. त्यातलं एक हान्स फाय या मेसरश्मिट कंपनीच्या चाचणी वैमानिकाकडे आलं. त्याच्या आईवडिलांचं गाव तोवर अमेरिकनांच्या ताब्यात गेलं होतं, त्यामुळे मागे त्यांना कोणी छळेल ही भीती उरली नव्हती. ३० मार्च १९४५ ला त्यानं विमान थेट फ्रांकफुर्टच्या राइन-माइन तळावर उतरवून अमेरिकनांच्या स्वाधीन केलं. दोस्त राष्ट्रांना धडधाकट मिळालेलं हे पहिलं २६२. तोवर त्याला रंगच लागला नव्हता, म्हणून फोटोत ते असं उघडं दिसतं.

आता पुट्टीचं. बाँबहल्ल्यांमुळे ही विमानं जंगलात लपवलेल्या शेडमध्ये जुळवली जात होती. पत्रे घाईत बसवलेले, फटी राहिलेल्या. ताशी साडेआठशे किलोमीटरच्या पुढं जाणाऱ्या विमानाला असल्या फटी परवडत नाहीत, म्हणून सांध्यांवर आणि रिव्हेटच्या रांगांवर पुट्टी ओढून घासत असत. गॅरेजमध्ये डेंट काढून पुट्टी भरलेली, शेवटचा हात मारायची राहिलेली गाडी बघा, तसं ते दिसतं.

यातून मॉडेलवाल्यांसाठी एक मोठी गोष्ट निघते. आपण सवयीनं पॅनेल लाइनमध्ये, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघांमध्ये, काळा वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेला रंग, सोडतो. इथं तो सोडायचा नाही! खऱ्या विमानावर ते सांधे भरलेले होते, तिथं काळी रेघ दिसणं शक्यच नाही. उलट रेघेच्या दोन्ही बाजूंना फिकट, मंद पट्टा हवा. हौस असेल तर पंखांवरच्या रेघा आधीच पातळ पुट्टीनं भरून घ्या. वेळ जातो, पण फरक लांबूनही कळतो. चाकांची दारं, तोफांवरची झाकणं आणि हलणारे भाग यांच्या रेघा मात्र तशाच ठेवा, ते उघडायचे असतात.

रंगाचा क्रम असा ठेवा. आधी चकचकीत काळा बेस, त्यावर अल्क्लॅडसारखा मॉडेलसाठीचा लॅकरचा अॅल्युमिनियम रंग, एअरब्रशनं (हवेनं रंग फवारायच्या पेननं). नाकाकडचा भाग पोलादी पत्र्याचा होता, म्हणून तिथं जरा गडद छटा द्या. या एका गोष्टीनं मॉडेल जिवंत होतं. पावसाळ्यात लॅकर मारत असाल तर कोरडा दिवस बघा, नाहीतर पांढरट झाक येते. दोन दिवस वाळू द्या. मग पुट्टीसाठी पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग घ्या, लॅकर नको. बारीक ब्रशनं सांध्यावरून एक-दोन मिलिमीटरचा पट्टा ओढायचा आणि ओला असतानाच ओल्या इअरबडनं कडा पुसायच्या. खालच्या लॅकरला काही होत नाही, आणि कडा हातानं घासल्यासारख्या वेड्यावाकड्या येतात. मास्किंग टेप लावून सरळ धारदार पट्टे काढले की सगळं खोटं दिसायला लागतं. छटेबद्दल विचाराल तर फोटो बहुतेक कृष्णधवल आहेत. मी हिरवट राखाडी वापरतो आणि थोडा पिवळा मिसळून जागोजागी छटा बदलतो.

तिसरं चाक शेपटीखाली नसून नाकाखाली असल्यामुळे हे मॉडेल शेपटीवर बसायला बघतं. तामियानं किटमध्येच नाकासाठी धातूचं वजन दिलंय, ते विसरू नका.

चिन्हं कोणत्या दिवसाची हवीत ते डिकल (चिकटवायची छापील चिन्हं) लावायच्या आधी ठरवा. उतरलं त्या दिवसाचं करायचं तर जर्मन क्रॉस आणि शेपटीवरचं नाझी चिन्ह. पुढं ते अमेरिकेत ओहायोतल्या राइट फील्ड या हवाई तळावर नेलं आणि त्याला टी-२-७११ क्रमांक मिळाला. मी असतो तर उतरलं त्या दिवसाचंच केलं असतं. डाग, काजळी, तेलाचे ओघळ जवळपास नकोतच, विमान नवं होतं. जुमो इंजिनांच्या मागच्या तोंडाशी थोडा तापलेल्या पत्र्याचा रंग दिला की पुरे.

हे विमान १९४६ मध्ये ओहायोत कोसळलं, वैमानिक पॅराशूटनं वाचला. त्यामुळे पुट्टीसाठी जुन्या फोटोंवरच भिस्त. कॉकपिट आणि चाकांच्या खोबणीसाठी मात्र डेटनच्या अमेरिकन हवाई दल संग्रहालयातल्या २६२ चे जवळून काढलेले रंगीत फोटो शोधा. तेही पकडून नेलेलंच आहे, कारखाना क्रमांक ५०१२३२.