वडिलांसाठी हॉस्पिस किंवा घरी येणारी पॅलिएटिव्ह सेवा बघतोय (घोडबंदर, ठाणे). चांगली कोणती हे आधीच कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वडील ७४ वर्षांचे, जबड्याचा कॅन्सर उलटलाय, मानेवरची जखम उघडी आहे, नाकातून नळी आहे आणि आता केमो नको असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणजे आता आजार बरा करायचा नाही, दुखणं आणि त्रास कमी ठेवायचा (पॅलिएटिव्ह सेवा); हेच खाटांच्या केंद्रात होतं त्याला हॉस्पिस म्हणतात. घर कासारवडवलीला, भाऊ कोपरखैरण्याला. पर्याय तीन: घरी येणारी एक संस्था, महिन्याचं पॅकेज देणारी एक होमकेअर कंपनी आणि खाटा असलेलं एक केंद्र. तिघंही फोनवर सारखंच गोड बोलतात.

फोनवर सगळेच गोड बोलतात, त्यावर जाऊ नका. दिवसा अकरा वाजता नर्स येऊन बीपी बघून गेली यात काही विशेष नाही. या सेवेचा कस लागतो तो रात्री दोन वाजता. म्हणून तुमचे बहुतेक प्रश्न रात्रीचेच असू द्या.

नेटवर "हॉस्पिसला विचारायचे प्रश्न" म्हणून ज्या याद्या मिळतात त्या बहुतेक अमेरिकेतल्या. तिकडे साधारण सहा महिन्यांचंच आयुष्य उरलंय असं डॉक्टरांनी लिहून दिलं की मेडिकेअर ही तिकडची सरकारी विमा योजना खर्च उचलते, आणि हॉस्पिसांची तुलना सरकारी संकेतस्थळावर बघता येते. आपल्याकडे तसं काही नाही. वृद्धाश्रमाच्या पाटीवरही हॉस्पिस लिहिलेलं सापडेल. खाटा असलेल्या केंद्राकडे १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालचं महापालिकेचं प्रमाणपत्र असायला हवं. ते बघाच, पण त्यावरून दुखणं कसं सांभाळतात ते कळत नाही.

ते कळतं मॉर्फिनवरून, म्हणजे तीव्र दुखण्यावरच्या औषधावरून. पहिला प्रश्न हा विचारा: "आत्ता तुमच्याकडे तोंडाने किंवा नळीतून मॉर्फिन घेणारे पेशंट किती आहेत?" कॅन्सरचे पेशंट सांभाळतो म्हणतात आणि मॉर्फिनवर एकही नाही, तर एक तर ते घाबरतात किंवा त्यांच्याकडे मिळत नाही. २०१४ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा बदलला. तेव्हापासून मॉर्फिन, फेंटानिल वगैरे अत्यावश्यक औषधांसाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था ही व्यवस्था आहे आणि मान्यता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मिळते. तेव्हा सरळ विचारा: मान्यता तुमची स्वतःची आहे की दुसऱ्या हॉस्पिटलमधून गोळ्या आणता? एका वेळी किती दिवसांच्या देता? आणायला कुणी जायचं? शनिवारी संपल्या तर काय? केंद्रात असाल तर कपाट आणि रजिस्टर दाखवा म्हणा. गोळ्या कुलपात आणि रजिस्टरमध्ये प्रत्येक गोळीची नोंद, असंच असायला हवं. "मॉर्फिन म्हणजे शेवटचं हो, ते दिलं की माणूस जातो," असं तिथला कुणी म्हणाला तर चहा पिऊन बाहेर पडा.

मॉर्फिन देतात म्हणजे नीट देतात असं मात्र नाही. साध्या गोळीचा असर चार तासच टिकतो, म्हणून ती घड्याळ बघून द्यायची असते, "दुखलं तर द्या" असं सांगून नाही. नेहमीची पद्धत अशी: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० वाजता दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. शिवाय अधेमधे कळ आली तर द्यायचा जादा डोस वेगळा लिहिलेला हवा, साधारण दिवसभराच्या एकूण मात्रेचा सहावा भाग. म्हणजे दिवसाला ६० मिलिग्रॅम चालू असेल तर जादा डोस १० चा. (मात्रा डॉक्टरच ठरवतील, किडनी कमजोर असेल तर गणित बदलतं. तुम्ही फक्त कागदावर हे लिहिलंय का ते बघायचं.) आणि त्याच कागदावर पोट साफ होण्याचं औषध हवं, पहिल्याच दिवसापासून. मॉर्फिनने मळमळ झाली तर ती सहसा काही दिवसांत जाते, बद्धकोष्ठता जात नाही. मॉर्फिन लिहिलंय आणि सोबत बिसाकोडिल किंवा सोनामुखीसारखं काहीच नाही, तर लिहिणाऱ्याला या कामाची सवय नाही. "इसबगोल देत चला" असं सांगितलं तरी तेच. पाणी पोटात जात नसलेल्या माणसाला इसबगोल दिलं तर ते आतड्यात गोळा होऊन बसतं.

तुमच्याकडे नळी आहे म्हणून एक प्रश्न खास, आणि तो डॉक्टरला नाही, नर्सला विचारा: "मॉर्फिनची गोळी कुटून नळीतून दिली तर चालते का?" बरोबर उत्तर असं, की साधी गोळी चालते, पण बारा तास असर टिकणारी कधीच कुटायची नाही, कारण बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं आणि श्वास मंदावू शकतो. नुसतं "हो, चालते" म्हणून पुढच्या विषयावर गेली तर तिला शिकवलेलं नाही.

मानेच्या जखमेबद्दल हे तिघं काय बोलतात तेही नीट ऐका, कारण तुमच्या घरात सगळ्यात जास्त वेळ त्यातच जाणार आहे. वासासाठी मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून पूड करून किंवा जेल जखमेवर लावतात. ड्रेसिंग ओढून काढायचं नसतं, सलाईनने भिजवून सोडवायचं असतं, नाहीतर दुखतंही आणि रक्तही येतं. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी मॉर्फिनचा जादा डोस द्यायचा असतो. माश्या बसल्या की आपल्या हवेत अळ्या पडायला वेळ लागत नाही. त्या टर्पेंटाइन तेलाच्या बोळ्याने वर आणून चिमट्याने काढतात. हे न शिसारता, न ओरडता सांगणारी नर्स भेटली तर ती सेवा अर्धी पास. मानेच्या जखमेतून एकदम मोठा रक्तस्राव होण्याची शक्यता असते, हे तुम्हाला कुणी आधी सांगितलं का? चांगली टीम पहिल्या-दुसऱ्या भेटीत, पेशंटसमोर नाही तर स्वयंपाकघरात उभं राहून, हे सांगते. गडद रंगाचे दोन-तीन टॉवेल उशाशी ठेवायला सांगते, कारण पांढऱ्या चादरीवर रक्त दिसलं की पेशंट आणि घरचे दोघंही हबकतात. त्या वेळी गुंगीसाठी काय द्यायचं, ते कोण देणार, हेही लिहून ठेवते.

आता रात्र. तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली: फोन कोण उचलतो. कॉल सेंटर, सुपरवायझर की पेशंटची फाईल माहीत असलेली नर्स? करार करण्यापूर्वी रात्री साडेअकराला त्यांच्या इमर्जन्सी नंबरवर एक फोन करून बघा आणि "उद्यापासून सुरू करायचं म्हणतोय, रात्री या नंबरवर कोण असतं?" एवढंच विचारा. घरी येणाऱ्या बऱ्याच चांगल्या संस्था रात्री येत नाहीत, फक्त फोनवर सांगतात. ते चालतं, पण मग घरात औषधांचा डबा हवा: कळ, उलटी, भ्रम, घशातली घरघर आणि झटके यांवर एकेक औषध, प्रत्येकावर मराठीत चिठ्ठी. झटक्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो. डबा नाही आणि रात्री माणूसही येणार नाही, तर "चोवीस तास" म्हणजे "ॲम्ब्युलन्स बोलवा" एवढाच सल्ला.

दुसरी: त्यांची गाडी कुठून निघते. टीम वाशीहून येत असेल तर संध्याकाळचं घोडबंदर धरून विचारा, किती वेळात पोचाल? आमच्या भागात आठवड्याचे कोणते वार ठरलेत? "कधीही येऊ" यापेक्षा "मंगळवार-शुक्रवार, अधेमधे फोन" हे उत्तर जास्त विश्वासाचं. तुम्ही आणि भाऊ आळीपाळीने नेण्याचा विचार करत असाल तर नका करू. ऐरोलीमार्गे तासाभराचा प्रवास त्या मानेला झेपणार नाही, शिवाय दोन पत्ते झाले की टीम बदलते आणि मात्रेचा गोंधळ होतो. एक घर ठरवा.

तिसरी गोष्ट लोक विचारायला लाजतात: वडील घरी वारले तर मृत्यूचा दाखला कोण देणार? घरी झालेल्या मृत्यूला मृत्यूचं कारण लिहिलेला नमुना ४-अ लागतो आणि तो शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचा असतो. पहाटे चारला सोसायटीतल्या ओळखीच्या डॉक्टरला उठवलं तर "मी पेशंट पाहिलेला नाही" म्हणून तो नकार देईल, आणि त्याचं बरोबरच आहे. मग जवाहरबाग स्मशानात काय दाखवायचं याची धावाधाव त्या घरी सुरू होते. तेव्हा विचारा: तुमचे डॉक्टर घरी येऊन दाखला देतात का, किती तासांत, रविवारीही? पॅकेजवाल्या कंपन्या इथेच सर्वांत जास्त अडखळतात, कारण त्यांच्याकडे ब्युरोने (माणसं पुरवणाऱ्या एजन्सीने) दिलेली माणसं असतात, डॉक्टर फक्त व्हिडिओ कॉलवर.

कंपनीकडून नर्स येणार असेल तर ती जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग आहे का आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का ते बघा. पेशंटची अंगपुसणी, कूस बदलणं हे प्रशिक्षित मावशी नर्सइतकंच किंवा जास्त चांगलं करते, त्यात कमीपणा नाही. फक्त मावशीचा दर नर्सचा लावू नये. डॉक्टरांनी पॅलिएटिव्हचं शिक्षण कुठे घेतलं हेही विचारायला हरकत नाही. भारतीय पॅलिएटिव्ह केअर संघटनेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये याच विषयात एमडीही होते.

खाटांच्या केंद्रात जाणार असाल तर दुपारी चारच्या सुमाराला जा, आधी न कळवता. रिसेप्शन, बगीचा, देवघर बघून झालं की पेशंटांचे ओठ बघा. ओठ आणि जीभ सुकून भेगाळलेली म्हणजे तोंड पुसायला कुणी येत नाही. टाचा गादीला टेकलेल्या आहेत की पिंढरीखाली उशी देऊन उचललेल्या? पाण्याचा पेला हाताला लागतो का? मग कूस बदलण्याचा तक्ता मागा. दर दोन तासांनी डावी, उजवी, पाठ अशा नोंदी असतात. तुम्ही चारला गेलात आणि रात्री आठपर्यंतचे रकाने एकाच पेनने, एकाच अक्षरात भरलेले असतील तर समजून घ्या. माकडहाडावरची जखम किती जणांना इथे आल्यावर झाली, हा प्रश्न सिस्टरला विचारा. "एकालाही नाही" हे उत्तर मला तरी पटत नाही. शेवटच्या दिवसांत काळजी घेऊनही होते. "दोघांना आहे, रोज ड्रेसिंग करतो, चला दाखवते" हे खरं उत्तर.

सलाईनचंही विचारा. सरसकट सगळ्यांना बाटल्या चालू असतील तर बिल वाढवायचं काम आहे किंवा नातेवाइकांचं समाधान. शेवटच्या दिवसांत शरीर ते पाणी वापरत नाही, सूज आणि घशातली घरघर वाढू शकते. नळीतून जबरदस्तीने दूध ढकलणंही तसंच, ते फुप्फुसात जाऊ शकतं. आणि हा एक प्रश्न: "तुमचे शेवटचे पाच पेशंट कुठे वारले?" पाचही आयसीयूत वारले असतील तर तुम्ही ज्यासाठी पैसे देणार ती गोष्ट ते करतच नाहीत.

पैशांबाबत थोडक्यात. डायपर, हातमोजे, ड्रेसिंगचं सामान, एअर बेड, ऑक्सिजन, डॉक्टरची जादा भेट, ॲम्ब्युलन्स यांपैकी पॅकेजमध्ये काय नाही हे लेखी घ्या. पेशंट मध्येच गेला तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात का, तेही. ऑक्सिजनचं यंत्र भाड्याने दिलं तर वीज गेल्यावर काय, ते विचारा. बी टाइप सिलिंडर २ लिटरच्या वेगाने साधारण बारा तास पुरतो, तो सोबत हवा. फुकट म्हणजे कमी दर्जाचं असं मुळीच धरू नका. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून, पुण्यातलं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून, दोन्ही पेशंटकडून पैसे घेत नाहीत. वडिलांची फाईल टाटाची असेल तर परळ किंवा खारघरला त्यांच्याच पॅलिएटिव्ह विभागाकडे आधी विचारा, तुमच्या भागात कोण जातं हे त्यांना माहीत असतं.

"वडिलांना कॅन्सर परत आल्याचं सांगितलेलं नाही," असंही तुम्ही लिहिलंय. हे टीमला पहिल्याच फोनवर सांगा आणि त्यांची प्रतिक्रिया बघा. "ठीक आहे, आम्हीही नाही सांगणार" असं लगेच कबूल करणारे आणि "सांगायलाच पाहिजे" म्हणून तुम्हाला दटावणारे, दोघंही टाळा. जी टीम आधी वडिलांना काय वाटतंय ते त्यांच्याकडून ऐकू म्हणते, ती बरी. पहिल्या भेटीत साधारण तासभर जायला हवा आणि त्यातला निम्मा वेळ वडिलांशी बोलण्यात. व्हेंटिलेटर नको वगैरे त्यांची इच्छा असेल तर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही पद्धत सोपी केली.

कुणालाही निवडलं तरी तीन महिन्यांचे आगाऊ पैसे भरू नका, आठवड्याच्या बोलीवर सुरू करा. वडिलांना रोज सकाळ-संध्याकाळ शून्य ते दहात दुखणं किती ते विचारून कॅलेंडरवर लिहा. पहिल्या दिवशी आठ असेल आणि चौथ्या दिवशीही सातच, शिवाय मात्रा कुणी बदललेली नाही, तर सेवा बदला. बदलताना जुन्या टीमकडून चालू औषधांचा तक्ता, शेवटचा डोस कधी दिला त्याची वेळ आणि मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्यांची संख्या सहीनिशी लिहून घ्या. नवे लोक आल्या आल्या हेच तीन कागद मागतील.