बेलिंगहॅमला जायचंय? आधी ६० दिवसांचं बोलू

प्रश्न: ताई, आम्ही सिएटलजवळ रेडमंडला राहतो. ह्यांची सॉफ्टवेअरची नोकरी आहे, एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर, आता पूर्ण रिमोट. आय-१४० (कंपनीचा ग्रीन कार्डासाठीचा अर्ज) मंजूर झालंय, त्यामुळे मीही एच-फोर (जोडीदाराचा व्हिसा) आणि ईएडीवर (कामाचा परवाना) एका क्लिनिकमध्ये बिलिंगचं काम करते. मुलगी सातवीत. ऑगस्टच्या लाँग वीकेंडला उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळच्या बेलिंगहॅमला गेलो आणि तिघेही वेडे झालो. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे माउंट बेकर, गर्दी नाही. कॅनडातलं व्हँकुव्हरही जवळ, म्हणजे देऊळ आणि किराण्याची सोय झालीच. हे म्हणतात घरच घेऊन टाकू. सासू-सासरे दरवर्षी येतात, त्यांना ते शांत गाव आवडेल. मला मात्र धीर होत नाही. काय करावं?

उत्तर: गाव आवडलं यात नवल नाही. आवडण्यासारखंच आहे. फेअरहेवनच्या धक्क्यावरून अलास्काला बोट सुटते, आणि बेकरच्या स्की एरियात १९९८-९९च्या हंगामात १,१४० इंच, म्हणजे जवळजवळ २९ मीटर बर्फ पडलं, तो जागतिक विक्रम आहे. पण तुमच्या पत्रात मला डोंगरापेक्षा दुसरंच काही ठळक दिसलं. तुमच्या घरात दोन पगार येतात, पण दोन्ही एकाच खुंटीला टांगलेले आहेत.

ह्यांची नोकरी गेली तर एच-वन-बीवाल्याला नवा मालक शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) त्याआधी संपत असेल तर त्याहून कमी. तुमचं एच-फोर त्यांच्या एच-वन-बीवर, आणि ईएडी एच-फोरवर. म्हणजे त्यांचं गडबडलं की तुमचंही. रेडमंडला हे घडलं तर निदान पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरात डझनभर कंपन्या आहेत, ओळखीचे लोक आहेत, उद्या इंटरव्ह्यूला जाता येतं. बेलिंगहॅमची वस्ती २०२०च्या जनगणनेत ९१,४८२ होती. तिथले मोठे मालक म्हणजे हॉस्पिटल, वेस्टर्न वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी आणि उत्तरेकडच्या तेलाच्या रिफायनऱ्या. सॉफ्टवेअरवाल्याला ६० दिवसांत तिथल्या तिथे नोकरी मिळणं कठीण. पुन्हा सिएटलकडेच तोंड करावं लागणार, आणि तेव्हा गळ्यात घराचा हप्ता असेल. घर घाईत विकणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

आता जी गोष्ट रिमोटवाले हमखास विसरतात ती. ‘घरूनच काम करतो, मग घर कुठेही असो’ हे एच-वन-बीला लागू होत नाही. तुमचं घर हीच कायद्याच्या दृष्टीने कामाची जागा. तुमचा एलसीए (कामाची जागा आणि पगार नोंदवून कंपनीने कामगार खात्याकडे भरलेला अर्ज) सिएटल परिसरासाठी आहे आणि बेलिंगहॅम वेगळ्या महानगर क्षेत्रात मोडतं. म्हणून कंपनीला नवा एलसीए काढून एच-वन-बीची अमेंडमेंट (दुरुस्ती) फाईल करावी लागते, आणि तीही शिफ्ट होण्याआधी. इमिग्रेशन खात्याच्या २०१५च्या सिमियो प्रकरणातल्या निर्णयानंतर यात संदिग्धता उरलेली नाही. ग्रीन कार्डची फाईल ज्या जागेच्या नोकरीसाठी भरली आहे तिचं काय, पर्म (ग्रीन कार्डाआधीची कामगार खात्याची मंजुरी) नव्याने करावं लागेल का, हे कंपनीच्या वकिलाला लेखी विचारा. मॅनेजर ‘नो प्रॉब्लेम’ म्हणाला यावर जाऊ नका, त्याला यातलं काही ठाऊक नसतं. आणि एचआरला हेही विचारून ठेवा की गाव बदललं की पगार बदलतो का. बऱ्याच कंपन्यांत बदलतो.

व्हँकुव्हरचं म्हणाल तर अंतर खरंच किरकोळ आहे. ब्लेनची सीमा अर्ध्या तासावर आणि पलीकडे सरे, जिथे वाणसामानापासून देवळापर्यंत सगळं मिळतं. पण तुमचे पासपोर्ट भारतीय आहेत. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत कॅनडाचा व्हिसा काढावा लागेल, प्रत्येकाचा वेगळा, सासू-सासऱ्यांचाही. पासपोर्टमधला अमेरिकेच्या व्हिसाचा स्टँप संपला असेल तर ३० दिवसांच्या आतल्या कॅनडा भेटीनंतर वैध आय-९४वर परत येण्याची सवलत आहे, मात्र तिथे असताना नव्या व्हिसासाठी अर्ज केलात की ती जाते. थोडक्यात, कोथिंबीर संपली म्हणून सहज पलीकडे जाऊन येऊ, असं काही व्हायचं नाही. तुमचं मराठी मंडळ आणि मुलीची मराठी शाळा सिएटलच्या बाजूलाच राहणार. ९० मैल, रस्ता मोकळा असेल तर दीड तास. वाटेत एव्हरेटला तो मोकळा क्वचितच असतो.

तिथे आपल्याकडची माणसं नाहीत असं मात्र समजू नका. त्याच काउंटीत लिंडनच्या आसपास पंजाबी शेतकरी आहेत, रासबेरीचे मळे पिकवतात, गुरुद्वाराही आहे. आणि गावाचा एक इतिहास आहे जो ऑगस्टच्या पाहुण्यांना सहसा कळत नाही. ४ सप्टेंबर १९०७ रोजी पाचेकशे गोऱ्या लोकांच्या जमावाने बेलिंगहॅमच्या लाकूडगिरण्यांत काम करणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांना, जे बहुतेक शीख होते, मारहाण करून गावाबाहेर घालवलं. शंभर वर्षांनी, २००७ साली, शहराने आणि काउंटीने त्याबद्दल खेद व्यक्त केला आणि २०१८ साली गावात त्याची आठवण म्हणून लाल दगडाची कमान उभी राहिली. आजचं गाव तसं नाही, बरंचसं विद्यार्थ्यांचं आणि मोकळ्या विचारांचं आहे. पण मुलीला कमान दाखवा. वर्गात आपल्यासारखी ती एकटीच असण्याची शक्यता आहे, आणि त्याबद्दल तिच्याशी आधी बोलायला हे बरं निमित्त आहे.

सासू-सासऱ्यांचं मला तुमच्याइतकं सोपं वाटत नाही. छोट्या गावात प्रत्येक गोष्ट एकेकच असते. मोठं हॉस्पिटल एक, सेंट जोसेफ. त्यापुढचं काही लागलं, किंवा तुमच्या विम्याच्या यादीत ते बसलं नाही, की सिएटल. हायवेही खरं तर एकच, आय-५. नोव्हेंबर २०२१च्या पावसात दरड कोसळून तो गावाजवळ बंद झाला होता, त्याच वेळी नूकसॅक नदी जवळच्या एव्हरसन आणि सूमस गावांत घुसली होती. (त्या बाजूला घर स्वस्त दिसलं तर आधी पुराचा नकाशा बघा.) आणि शांतता ज्येष्ठांना आवडते हा आपला समज आहे. रेडमंडला बागेत चार आजी-आजोबा मराठीत गप्पा मारायला भेटतात, त्यावर त्यांचे सहा महिने निघतात. बेलिंगहॅमला तुम्ही दोघं कामात, मुलगी शाळेत, डिसेंबरात सव्वाचारला अंधार. डोंगर आहे, पण ढगात. त्यांना एकदा विचारा तरी.

भूकंप, जंगलातल्या वणव्यांचा धूर, बेकर जागृत ज्वालामुखी आहे हे सगळं खरं आहे, पण रेडमंडलाही भूकंपाचा आणि धुराचा धोका आहेच, त्यामुळे निर्णय त्यावर करू नका. पगारावरच्या राज्याच्या कराचंही तसंच, राज्य तेच राहणार.

माझं मत विचाराल तर ग्रीन कार्डाआधी घर घेऊ नका. भाड्याने जायला हरकत नाही, वकिलाचं लेखी उत्तर आल्यावर. त्याआधी नोव्हेंबरात एक आख्खा आठवडा तिथे राहून बघा, सुट्टी न घेता. ह्यांनी तिथून काम करायचं, तुम्ही तुमच्या क्षेत्रातल्या जागांची चौकशी करायची. वैद्यकीय बिलिंगचं काम हॉस्पिटलच्या आधाराने मिळू शकतं, त्यांच्यापेक्षा तुम्हालाच लवकर मिळेल असा माझा अंदाज. संध्याकाळी पावसात वाणसामान आणायचं आणि घरी येऊन तेच जेवायचं, बाहेर नाही.

वेळेचंही बघा. युनिव्हर्सिटीमुळे तिथली भाड्याची घरं सप्टेंबरच्या हिशोबाने फिरतात आणि चांगली घरं कितीतरी आधी जातात. मुलगी सातवीत आहे, म्हणजे पुढच्या सप्टेंबरला नेलंत तर मिडल स्कूलचं एकच वर्ष नव्या शाळेत जाईल आणि लगेच हायस्कूलला परत नवी सुरुवात. आठवी रेडमंडलाच होऊ दे. नववीला सगळीच मुलं नवी असतात. तेवढ्या काळात तुमच्या प्रायॉरिटी डेटचं (ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुमची तारीख) काय होतंय तेही दिसेल, आणि ह्यांची कंपनी लोकांना परत ऑफिसात बोलावतेय का, तेही.